निवडणूक त्यांची, मुक्काम आपला: निकालानंतरच्या अशांततेत परक्या देशात कसे राहावे

दरवर्षी आमच्या कोथरूडच्या घरी दोन-चार तरुण तरी चौकशीला येतात. कोणी पंप बसवण्याच्या कामासाठी केनियाला निघालेला असतो, कोणी सॉफ्टवेअरच्या कामाने टांझानियातील दार-ए-सलामला जाणार असतो, तर कोणाची मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी किर्गिझस्तानातील बिश्केकला जाणार असते. पगार, हवामान, शाकाहारी जेवण आणि मलेरिया यांविषयी ते भरपूर विचारतात. त्या देशात पुढची निवडणूक कधी आहे, हे मात्र आजवर एकानेही विचारलेले नाही. मी स्वतः २००७ च्या डिसेंबरात केनियातील किसुमू शहरात होतो आणि जाण्यापूर्वी मीही ते विचारले नव्हते. त्या वेळी जे ठाऊक असायला हवे होते, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

आधी दिनदर्शिका पाहावी

निवडणुकीचा दिवस धोक्याचा आणि त्यानंतर सारे निवांत, असा आपला समज असतो. पुण्यात आपण वर्षानुवर्षे पाहिलेले चित्र असे की मतदान होते, यंत्रे कोरेगाव पार्कच्या गोदामात कुलूपबंद होतात, मोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत कल कळतो आणि संध्याकाळी गुलाल उधळला जातो. बहुपक्षीय निवडणुकांची सवय अजून मुरलेली नाही अशा देशांत मतदानाचा दिवस बहुधा शिस्तीत पार पडतो. लोक पहाटेपासून रांगेत उभे राहतात आणि आपण कौतुकाने पाहत राहतो. खरा ताण मतदान आणि निकाल यांच्या मधल्या दिवसांत साठत जातो, आणि निकाल जाहीर झाल्यानंतरचा पहिला तास सर्वांत वाईट ठरू शकतो.

केनियात २७ डिसेंबर २००७ रोजी मतदान झाले. मतपत्रिका केंद्रावरच मोजल्या जात आणि आकड्यांचे तक्ते वर पाठवले जात. सुरुवातीच्या आकड्यांत विरोधी नेते राइला ओडिंगा पुढे होते. पुढे ती आघाडी घटत गेली, काही मतदारसंघांचे आकडे येईनात, आणि प्रत्येक तासाच्या उशिरासरशी संशय वाढत गेला. ३० डिसेंबरच्या संध्याकाळी सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी विजयी झाल्याचे जाहीर झाले, आणि थोड्याच वेळात, अंधार पडता पडता, राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी त्यांचा शपथविधीही उरकण्यात आला. त्याच दिवशी वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. पुढच्या दोन महिन्यांतील हिंसाचारात १,१३३ माणसे मेली, असे नंतर नेमलेल्या वाकी आयोगाने नोंदवले आहे; बेघर झालेल्यांची संख्या लाखांत होती. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारी २००८ रोजी समझोता झाला, तेव्हा कुठे तणाव ओसरला.

म्हणून पहिली पायरी अशी की आपण जात असलेल्या देशाच्या चार तारखा वहीत लिहून घ्याव्यात: मतदानाची, निकाल जाहीर करण्याच्या शेवटच्या मुदतीची, आव्हान दिले गेल्यास न्यायालयाच्या निर्णयाची आणि शपथविधीची. केनियाने २०१० च्या संविधानात या मुदती ठरवून दिल्या आहेत. निकाल सात दिवसांत लागला पाहिजे, त्यानंतर सात दिवसांत याचिका दाखल झाली पाहिजे आणि सर्वोच्च न्यायालयाने ती १४ दिवसांत निकाली काढली पाहिजे. तरीही तारखा लांबू शकतात. २०१७ मध्ये ८ ऑगस्टला मतदान झाले, ११ ऑगस्टला उहुरू केन्याटा विजयी घोषित झाले, १ सप्टेंबरला न्यायालयाने ती निवडणूकच रद्द केली, २६ ऑक्टोबरला फेरमतदान झाले आणि शपथविधीला २८ नोव्हेंबर उजाडला. ऑगस्टअखेर सारे आटोपेल या हिशेबाने कामाचे वेळापत्रक आखणाऱ्या कंपन्यांचे चार महिने अनिश्चिततेत गेले. मोझांबिकमध्ये ९ ऑक्टोबर २०२४ ला मतदान होऊन २४ तारखेला निकाल लागला, आणि संविधान परिषदेने तो २३ डिसेंबरला कायम केला, तेव्हा ऐन नाताळात राजधानी मापुटोत पुन्हा आगी लागल्या. याउलट किर्गिझस्तानात ४ ऑक्टोबर २०२० च्या मतदानानंतर दुसऱ्याच रात्री जमाव सरकारी मुख्यालयात शिरला आणि ६ तारखेला निवडणूक रद्द झाली. ताण कुठे आठवडे साठतो, कुठे एका रात्रीत फुटतो. म्हणून त्या देशाच्या मागच्या दोन निवडणुकांचा दिनक्रम वाचल्याशिवाय तिकीट काढू नये. केनियाची पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी, म्हणजे १० ऑगस्ट २०२७ रोजी, होणे अपेक्षित आहे. नोकरीवर रुजू होण्याची तारीख त्याच्या आसपास येत असेल, तर ती दीड-दोन महिने पुढे ढकलण्याची विनंती करण्यात कमीपणा नाही.

पुण्यातच उरकायची कामे

पुण्यात परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांत केनिया, टांझानिया, मोझांबिक येथून आलेलेही असतात. विद्यापीठाच्या किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात त्यांच्यापैकी कोणाची ओळख काढून, चहाला बोलावून, त्यांच्या शहराविषयी विचारावे. कोणता पक्ष चांगला, असे मात्र विचारू नये. ‘निवडणुकीच्या दिवसांत तुमच्या घरी काय साठवून ठेवतात, आणि कोणत्या रस्त्याने जाणे टाळतात?’ असे विचारले की माणूस मोकळेपणाने बोलतो, आणि त्या अर्ध्या तासात मिळणारी माहिती कंपनीच्या जाडजूड सुरक्षापुस्तिकेत नसते.

पासपोर्टची मुदत निवडणुकीच्या आगेमागे संपत असेल, तर तो बाणेर-पाषाण लिंक रोडच्या पासपोर्ट भवनाच्या अखत्यारीत इथेच नवा करून घ्यावा. परदेशात पोहोचल्यावर निवासी परवान्याचे नूतनीकरणही मतदानापूर्वी दोन महिने आधी उरकावे, कारण ऐन गडबडीत आपला पासपोर्ट बंद सरकारी कचेरीच्या किंवा विद्यापीठाच्या कपाटात अडकला, तर विमानतळापर्यंत पोहोचूनही उपयोग होत नाही. प्रवास विम्यात दंगल, बंड आणि नागरी अशांतता यांसंबंधीचे अपवाद कोणत्या पानावर आहेत ते वाचावे. विमा विकणारा ते पान आपण होऊन उघडत नाही. डॉलरच्या नोटा नव्या मालिकेच्या आणि न मळलेल्या घ्याव्यात, कारण आफ्रिकेत अनेक ठिकाणी जुन्या नोटा स्वीकारत नाहीत. पोहोचताच भारतीय दूतावासात, किंवा राष्ट्रकुलातील देश असेल तर उच्चायुक्तालयात, नाव, पत्ता आणि स्थानिक मोबाइल क्रमांक नोंदवावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरही खाते उघडून ठेवावे. हे पाच मिनिटांचे काम आहे, पण संकट आल्यावर नेमके त्याच वेळी इंटरनेट बंद असते.

घर लावताना

घर भाड्याने घेताना पुणेकर पार्किंग आणि पाणी पाहतो. तिथे याखेरीज आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. घर एखाद्या पक्षाच्या कचेरीजवळ, मोठ्या बसतळाजवळ किंवा सभा भरतात अशा मैदानाजवळ असू नये. आणि घरातील निदान एक खोली रस्त्याकडे उघडणारी नसावी.

साठवणीचे सांगतो, कारण माझी फजिती तिथेच झाली. ३० डिसेंबरच्या संध्याकाळी माझ्या घरी अर्धा सिलिंडर गॅस, दोन दिवसांचे पीठ आणि फोनचे एकच रिचार्ज कार्ड होते. त्या काळी केनियात कार्ड खरवडून फोनमध्ये पैसे भरावे लागत. दुकाने बंद होताच ती कार्डे मिळेनाशी झाली आणि मिळाली तर छापील किमतीहून कितीतरी महाग. पैसे असूनही मला घरी फोन करता येत नव्हता. आज मोबाइलवरून पैसे देण्या-घेण्याच्या एम-पेसा सेवेने हे काम सोपे झाले आहे, पण एम-पेसालाही जाळे चालू असावे लागते. तेव्हा मतदानाच्या आठवडाभर आधी दोन आठवड्यांचे धान्य, पिण्याचे पाणी, पूर्ण भरलेला सिलिंडर, नेहमीची औषधे, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमकार्डांत शिल्लक, आणि सुट्ट्या स्थानिक नोटा घरात असाव्यात. तांदूळ-डाळीवर विसंबू नये. मक्याचे पीठ, ज्याला तिथे उंगा म्हणतात, तेही भरावे. ते शेजारच्यांना देता येते, आणि देण्याची वेळ येते.

स्वाहिली बोलणाऱ्या भागात घड्याळाचा हिशेब आधी समजून घ्यावा. तिथले तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्या जुन्या घटकांसारखे. ‘सा म्बिली’ म्हणजे शब्दशः दुसरा तास, पण घड्याळात आठ वाजलेले असतात. ‘दुसऱ्या तासाला रस्ता बंद होणार’ असे शेजारी म्हणाला आणि आपण दोन वाजेपर्यंत निवांत बसलो, तर चूक आपली. कोणत्या घड्याळाप्रमाणे, हे दर वेळी विचारून घ्यावे.

ड्रायव्हर, पहारेकरी आणि आडनाव

या लेखातील एवढाच भाग वाचला तरी चालेल. परदेशी माणसाला स्वतःच्या जिवाची काळजी असते आणि ती रास्तच आहे. पण बहुतेक प्रसंगी त्याचा पासपोर्ट त्याला जे संरक्षण देतो, ते त्याच्या ड्रायव्हरला, घरकाम करणाऱ्या बाईला आणि फाटकावरच्या आस्कारीला, म्हणजे पहारेकऱ्याला, मिळत नाही. २००८ च्या जानेवारीत रिफ्ट व्हॅली प्रांतातील रस्त्यांवर तरुणांनी दगड, झाडे आणि पेटते टायर टाकून अडथळे उभारले होते. तिथे गाडी थांबवून ओळखपत्र मागत आणि त्यावरच्या नावावरून माणूस कोणत्या समाजाचा ते ठरवत. आडनाव विचारण्यामागे काय असते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. मागच्या सीटवर बसलेल्या ‘मुहिंदी’ला, म्हणजे भारतीयाला, दोनशे शिलिंग घेऊन सोडून देत, पण पुढे बसलेल्या चालकाचे नाव चुकीच्या समाजाचे निघाले, तर पैशाने भागत नसे.

त्या आठवड्यात पुण्यातील वरिष्ठांनी मला फोनवर सांगितले की गाडी काढून थेट रिफ्ट व्हॅलीतल्या एल्डोरेटच्या बाजूने निघा, उशीर करू नका. नकाशावर ते अंतर पुणे ते सोलापूर एवढेही नव्हते. माझा ड्रायव्हर काही बोलला नाही, फक्त किल्ली टेबलावर ठेवून उभा राहिला. तो किबाकींच्या किकुयू समाजाचा होता आणि किसुमू हे लुओ समाजाचे, ओडिंगांना मानणारे शहर. त्याला घराबाहेर पडणेच कठीण होते, आणि मी त्याला शंभर किलोमीटर गाडी चालवायला सांगणार होतो. तो तसाच उभा राहिला नसता, तर कदाचित मी सांगितलेही असते. पुढे नऊ दिवस तो माझ्या आतल्या खोलीत राहिला.

म्हणून तयारीच्या काळातच, मतदानाच्या महिनाभर आधी, आपल्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाला एकांतात आणि सन्मानाने विचारावे की गडबड झाली तर तुम्हाला कुठे राहणे सुरक्षित वाटेल. कोणाला आधीच गावी जायचे असेल, त्याला पगारी रजा आणि प्रवासखर्च द्यावा. कोणाला आपल्याच घरी थांबायचे असेल, तर त्याची अंथरुणे-पांघरुणे आणि जेवण धरून साठा करावा. तू कोणत्या जमातीचा, असे मात्र विचारू नये. त्याला स्वतःहून सांगायचे असेल तेवढे तो सांगतो. शहराबाहेर जाण्याचा निर्णय आपल्या वरिष्ठांनी पुण्यात बसून घ्यायचा नसतो, आणि आपण एकट्यानेही घ्यायचा नसतो. गाडी चालवणाऱ्याने नकार दिला, तर तो नकार अंतिम मानावा.

प्रत्यक्ष त्या दिवसांत

निकाल जाहीर होण्याच्या सुमारास घराबाहेर असू नये. विजय आपल्या शेजाऱ्यांच्या पसंतीच्या पक्षाचा असला, तरीही असू नये, कारण आनंदाची मिरवणूक आणि संतापाचा जमाव एकाच चौकात समोरासमोर येऊ शकतात.

जमावबंदी आणि संचारबंदी यांतला फरक पुण्यातील माणसाला कलम १४४ मुळे, आणि आता नव्या संहितेतील कलम १६३ मुळे, साधारण ठाऊक असतो. पण आपल्याकडे जमावबंदीत एकट्याने दूध आणायला जाता येते, तशी सूट गृहीत धरू नये. टांझानियात २९ ऑक्टोबर २०२५ च्या मतदानानंतर दार-ए-सलाममध्ये संध्याकाळपासून संचारबंदी लागू झाली आणि इंटरनेटही बंद पडले. अशा आदेशात परदेशी माणसाला वेगळा नियम नसतो.

जमावाइतकाच धोका पोलिसांच्या गोळीपासून असतो, हे आपल्याला लवकर उमजत नाही. किसुमू तेव्हा ज्या न्यान्झा प्रांतात होते, तिथले बहुतेक मृत्यू गोळी लागून झाले होते, असे वाकी आयोगाच्या अहवालातून दिसते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नैरोबीच्या माथारे वस्तीत बाल्कनीत असलेली एक लहान मुलगी गोळी लागून दगावली. त्यामुळे बाल्कनीत, गच्चीवर किंवा खिडकीशी उभे राहून ‘काय चालले आहे ते पाहू’ हा आपला चाळकरी स्वभाव तिथे आवरावा लागतो. आवाज जवळ आल्यास रस्त्यापासून दूरच्या खोलीत, भिंतीला लागून, जमिनीवर बसावे. अश्रुधूर घरात शिरल्यास खिडक्या बंद करून दारांच्या फटींत ओले कापड दाबावे, डोळे चोळू नयेत आणि भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत.

दुकान किंवा गोदाम चालवणाऱ्यांसाठी एक कटू गोष्ट. २००७-०८ मध्ये किसुमूत भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांची अनेक दुकाने लुटली आणि जाळली गेली. त्या वेळी माल वाचवायला दुकानाकडे धावलेल्या माणसांना मी पाहिले आहे. शटर आतून लावून बसू नये. हिशेबाच्या वह्या आणि रोकड आधीच हलवावी आणि दुकान दैवावर सोडून द्यावे.

रस्त्यात कोणी मत विचारले, तर ते देऊ नये. ‘आमच्या भारतात असे होत नाही’ हे वाक्य तर गावच्या वेशीबाहेरच टाकून यावे. ते खरेही नाही, आणि शोकात असलेल्या माणसाला ते ऐकवणे असभ्यपणाचे आहे. स्वाहिलीत ‘पोले’ असा एक चांगला शब्द आहे. दुसऱ्याच्या दुःखात आपण सहभागी आहोत, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो दोन्ही पक्षांच्या माणसांना सारखाच म्हणता येतो.

डोळे, कॅमेरा आणि वही

आपण पाहिलेल्या गोष्टीचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. मोर्चाचे, पोलिसांचे किंवा लष्करी वाहनांचे छायाचित्र काढू नये. ते कायद्याने अडचणीचे ठरू शकतेच, शिवाय जमावातील माणसाला वाटते की आपला चेहरा पोलिसांकडे जाणार. टांझानियात इंटरनेट पूर्ववत झाल्यावर, घबराट पसरवणारी दृश्ये पुढे पाठवणे गुन्हा ठरेल, असा इशारा पोलिसांनी लोकांच्या मोबाइलवर पाठवला होता. पुण्यातील सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेली चित्रफीत फिरत फिरत कुठे पोहोचेल, याचा भरवसा नाही. आणि त्यात आपल्या शेजाऱ्याचे घर ओळखू येत असेल, तर जबाबदारी आपली.

याचा अर्थ डोळे मिटून घ्यावेत असा नाही. केनियातील काही जणांनी जानेवारी २००८ मध्ये ‘उशाहिदी’ नावाची व्यवस्था उभी केली; तिच्यात लोकांनी मोबाइल संदेशाने आणि इंटरनेटवरून कळवलेल्या घटना नकाशावर नोंदवल्या जात. स्वाहिलीत उशाहिदी म्हणजे साक्ष, आणि आपल्या भाषेतील ‘शहीद’ याच अरबी धातूतून आलेला आहे. साक्ष नोंदवणे हे काम तिथल्या माणसांनी स्वतः केले. परदेशी माणसाने त्यात पुढारीपण घेण्याचे कारण नाही. आपण रोज रात्री साध्या वहीत मराठीत लिहावे: तारीख, वेळ, ठिकाण, स्वतः काय पाहिले, कोणाकडून काय ऐकले आणि आपला तर्क काय. यांतले शेवटचे तीन रकाने वेगळे ठेवावेत. माझ्या वहीतील पहिल्या चार दिवसांत ‘ऐकले’ या रकान्यात अठरा नोंदी आहेत, ‘पाहिले’ या रकान्यात पाच. ऐकलेल्या अठरांपैकी बऱ्याचशा पुढे खोट्या निघाल्या. माणसांची नावे लिहू नयेत; खूण पुरेशी असते. पुढे एखाद्या अधिकृत चौकशीत विचारणा झाली, तर असा कागद उपयोगी पडतो, नाहीतर तो कपाटात राहिला तरी कोणाचे नुकसान नाही.

पुण्यातील घरच्यांसाठी

घरच्यांपैकी एकाच व्यक्तीने संपर्क ठेवावा आणि बाकीच्यांना तिने कळवावे. आई, वडील, मावशी आणि शाळेतले मित्र असे सगळे एकाच वेळी फोन लावू लागले की तिकडची बॅटरी आणि शिल्लक दोन्ही संपतात. फोनची वेळ ठरवून घ्यावी. नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, म्हणजे रात्री नऊला पुण्यातून फोन केला तर तिथे साडेसहा वाजलेले असतात, आणि तेवढ्यात तो माणूस घरी पोहोचलेला असतो. ठरलेल्या वेळी फोन लागला नाही, तर जाळे बंद असेल असे समजून चोवीस तास थांबावे, आणि मग परराष्ट्र मंत्रालयाशी व तिथल्या भारतीय कचेरीशी संपर्क साधावा. २०२२ मध्ये युक्रेनमधील विद्यार्थ्यांची नावे जिल्हाधिकारी कार्यालयांनी नोंदवून घेतली होती, त्यामुळे तो दरवाजाही ठोठावता येतो. वृत्तवाहिनीला मुलाचा पत्ता किंवा आवाजाचा संदेश देऊ नये.

कामावर परतताना

रस्ते उघडले, मटाटू, म्हणजे तिथल्या प्रवासी मिनीबस, पुन्हा धावू लागल्या, म्हणजे सारे संपले असे नसते. किसुमूत आमचे काम फेब्रुवारीच्या मध्यात सुरू झाले, तेव्हा सव्वीसपैकी सात कामगार परत आले नव्हते, आणि जे आले होते ते डबा खायला दोन वेगळ्या झाडांखाली बसत. मी त्यांना एकत्र बसवण्यासाठी भाषण करू गेलो, तेव्हा वयाने मोठ्या असलेल्या एका फोरमनने मला बाजूला घेऊन सांगितले की साहेब, ते आपोआप होईल, तुम्ही फक्त पाळ्या मिसळून लावा. मी तसे केले आणि एप्रिलपर्यंत झाड एकच झाले. परत न आलेल्या सातांची थकबाकी त्यांच्या घरच्यांपर्यंत पोहोचवायला मात्र जून उजाडला, कारण त्यांचे पत्ते आम्ही कधी लिहूनच घेतले नव्हते. तेव्हा हजेरीच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे गावचा पत्ता आणि नातेवाइकाचा फोन क्रमांक असावा, आणि बंदच्या दिवसांचा पगार कोणाचाही कापू नये.